टावर येणे

आमच्या सालेकसा तालुक्यात 'टावर' ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, लोखंडी मनोरा. दुसरा, फोनला मिळणारी रेंज. 'आज टावर नाही' असे कोणी म्हटले तर मनोरा कोसळला असे समजू नये. आम्ही मात्र ह्या शब्दाच्या एका अर्थाला शत्रू मानले आणि दुसऱ्याची आस धरली. त्याची किंमत आमच्या आईच्या कानाला मोजावी लागली.

आमचे गाव दरेकसा परिसरात, डोंगर आणि दाट रान ह्यांच्यामध्ये आहे. काही वर्षांपूर्वी गावातल्या शाळेजवळ मनोरा उभारायचे ठरले, तेव्हा विरोधाच्या निवेदनाचा मसुदा साहजिकच आमच्याकडे आला. मराठीचे अध्यापक ना आम्ही! एका पानात 'किरणोत्सर्ग' हा शब्द आम्ही सात वेळा योजला. त्या शब्दामागे हिरोशिमा आणि चेर्नोबिल आपोआप उभे राहतात, हे आम्हांला ठाऊक होते. किंबहुना म्हणूनच तो योजला. परिभाषेत ह्यासाठी 'प्रारण' असा निरुपद्रवी शब्द आहे. चुलीची धग, दिव्याचा प्रकाश, आकाशवाणीच्या लहरी हे सारे प्रारणच. क्ष-किरणांप्रमाणे अणूतून इलेक्ट्रॉन उखडून काढण्याइतकी ऊर्जा फोनच्या लहरींत नसते. शरीराचा भाग किंचित तापणे एवढाच त्यांचा निर्विवाद परिणाम. पण 'प्रारण' ह्या शब्दाने कोणी घाबरले नसते. निवेदन यशस्वी झाले. मनोरा टेकडीपलीकडे गेला.

तेव्हापासून आई अंगणाच्या एका कोपऱ्यात, कडुलिंबाखाली उभी राहून फोन करते. "बाबू, इथंच टावर येते," असे म्हणून ती फोन कानाशी घट्ट दाबून धरते आणि अर्धा-पाऊण तास बोलते.

हे आम्ही एकदा भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांना कौतुकाने सांगितले. ते म्हणाले, "सर, मनोरा कानाला लावून कोणी बोलतं का?"

पुढे त्यांनी जे समजावले ते सोपे होते. लहरींची तीव्रता अंतराबरोबर झपाट्याने घटते. अंतर दुप्पट झाले की ती साधारण चौथाई होते. शे-दोनशे मीटरवरच्या मनोऱ्यापेक्षा कानाला टेकलेला फोनच डोक्याला अधिक लहरी देतो. शिवाय फोन माणसासारखाच आहे: ऐकणारा जवळ असला की कुजबुजतो, दूर असला की ओरडतो. जुन्या धर्तीच्या ९०० मेगाहर्ट्‌झच्या फोनची कमाल शक्ती २ वॅट. रेंज उत्तम असेल तर तोच फोन ती शेकडो पटींनी उतरवतो. म्हणजे मनोरा दूर लोटून आम्ही आईच्या कानातला फोन ओरडता केला होता.

मग धोका किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये ह्या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' अशा २-ब गटात घातले. ह्याच संघटनेने करवून घेतलेला व्यापक आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २२ देशांतले ६३ अभ्यास तपासले गेले, आणि दहा वर्षांहून अधिक वापरानंतरही मेंदूच्या कर्करोगाशी संबंध आढळला नाही. मधल्या काळात मुंबईच्या आयआयटीतील प्रा. गिरीश कुमार ह्यांनी मनोऱ्यांविरुद्ध सातत्याने आवाज उठवला, आणि १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने मनोऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश मर्यादा लागू केली. फोनसाठी शरीरात शोषल्या जाणाऱ्या लहरींची मर्यादा दर किलोग्रॅमला १.६ वॅट ठरली; *#०७# दाबल्यास बहुतेक फोनवर तो आकडा दिसतो. भयभीत होण्याचे कारण नाही. पण विनासायास टळणारी गोष्ट टाळू नये असेही नाही.

तेव्हा आम्ही आईसाठी चार नियम केले. रेंज क्षीण असताना लांबण लावू नये. निरोपापुरते बोलावे किंवा संदेश पाठवावा. फोन कानापासून दूर, स्पीकरवर ठेवावा. झोपताना तो उशाशी नसावा. आणि लहरी अडवतो म्हणून विकले जाणारे स्टिकर फोनला डकवू नयेत. त्याने अँटेनाच अडला तर फोन आणखी ओरडतो.

तीन नियम तिने निमूट मानले. स्पीकर मात्र आठवडाभरच टिकला. त्या आठवड्यात तिचे फोन पाऊस आणि धान ह्यांपुढे गेलेच नाहीत. विचारले तेव्हा म्हणाली, "मोठ्यानं का सांगू, बाबू? घरात सून आहे, शेजारी कान आहेत." तेव्हा आमच्या ध्यानात आले की कडुलिंबाखाली ती केवळ टावरसाठी जात नव्हती. बहिणीच्या संसारातले दुखणे, वडिलांच्या पश्चात आलेले एकटेपण हे सारे कानाशी कान लावूनच बोलण्याजोगे होते. आमच्या नियमांनी लहरी रोखल्या, त्यांबरोबर तेही रोखले.

शेवटी आमगावच्या बाजारातून तारेचे इअरफोन आणले. फोन ओट्यावर, तार कानाला, आवाज पूर्ववत हळू. गेल्या रविवारी ती आमच्याशी पाऊण तास बोलली. एवढा वेळ बोलू नये, हा आमचाच नियम. पण तो तिला आठवून देण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही.

मनोरा जवळ आणावा असे नवे निवेदन आता आम्ही लिहीत आहोत. ह्या खेपेस 'प्रारण' असाच शब्द योजला आहे. गावकरी सही करण्याआधी त्याचा अर्थ विचारतात, आणि तो सांगताना मागचे निवेदनही आम्हीच लिहिले होते हे आम्हांला सांगावे लागते.