खतावणीशेजारचे गुणपत्रक

कार्तिक शुद्ध पंचमीला आपल्या घरांत एकाच पाटावर दोन पूजा होतात. दुकानासाठी ती लाभपंचमी असते आणि धर्मासाठी ज्ञानपंचमी. एका बाजूला नवी रोकडवही आणि खतावणी, दुसऱ्या बाजूला शास्त्रग्रंथ. दोहोंवर एकाच हाताने वासक्षेप पडतो. हिंगणघाटच्या आमच्या घरी यंदा त्या पाटावर आणखी एक कागद होता. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या बी. ए. ऑनर्स, अर्थशास्त्र या अभ्यासक्रमाचे माझे गुणपत्रक बाबूजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्वतः तेथे ठेवले होते. चार वर्षांपूर्वी याच अभ्यासक्रमाला त्यांचा विरोध होता. त्या विरोधापासून या पाटापर्यंतची हकिगत सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

माझे माहेर आर्वीचे. बारावीनंतर एक वर्ष महाविद्यालयात काढले आणि विसाव्या वर्षी लग्न होऊन हिंगणघाटला आले. घरची कापसाची आणि धान्याची आडत. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत बाजार समितीत गाड्यांच्या रांगा आणि घरात माणसांचा राबता. शिक्षण अपुरे राहिल्याचे दुःख मी कधी बोलून दाखवले नाही, कारण कोणी अन्याय केला असे नव्हते. दिवसच तसे भरलेले होते. २०२१ मध्ये लेक शिकायला पुण्यास गेली. तिच्या रिकाम्या टेबलावर एके दुपारी बसले आणि उठावेसे वाटेना. त्याच वर्षी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, मी प्रवेश घेतला.

बाबूजी एवढेच म्हणाले, "सूनबाई, पदवी घेऊन कोणत्या गादीवर बसायचे आहे?" प्रश्नात कुत्सितपणा नव्हता. ज्या वस्तूचा भाव ठाऊक नाही ती घेऊ नये, असा त्यांचा जन्मभराचा नियम होता. माझ्याकडे उत्तर नव्हते.

ऑनर्स म्हणजे एका विषयाचा खोल अभ्यास. माझ्या अभ्यासक्रमात एकूण १४८ श्रेयांक होते. अर्थशास्त्राचे १४ मुख्य विषय, त्याच शाखेतले ४ निवडीचे, इतर शाखांतले ४, आणि भाषा व कौशल्याचे ४, असे २६ विषय. ३० टक्के गुण हाताने लिहून द्यायच्या स्वाध्यायांना आणि ७० टक्के लेखी परीक्षेला. किमान मुदत तीन वर्षे, कमाल सहा. एका श्रेयांकासाठी ३० तासांचा अभ्यास अपेक्षित असतो. हा आकडा मी जेवताना सांगितला, तेव्हा बाबूजींनी बोटांवर हिशेब केला : ४४४० तास. सासूबाईंना तास कळत नाहीत. त्यांचा दिवस सामायिकांनी मोजला जातो. त्यांच्यासाठी बाबूजींनी तेच तास ४८ मिनिटांच्या मापात बसवले आणि म्हणाले, "५५५० सामायिके. तीन वर्षांत करायची तर रोज पाच."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या टेबलावर त्यांची जुनी वाळूची घडी ठेवलेली दिसली. मात्र एक गोष्ट त्यांनी स्पष्ट केली, "ही सामायिकाची घडी आहे, पण तुझा अभ्यास म्हणजे सामायिक नव्हे. तो संसारच आहे. फक्त मधे उठायचे नाही, एवढे तिच्याकडून शिक." ही ताकीद मला फार उपयोगी पडली. आपण काही पुण्यकर्म करतो आहोत, हा भ्रम त्यामुळे कधी झाला नाही आणि घरच्या कामांना बाजूला सारण्याची सबबही मिळाली नाही. पहाटे दोन घड्या, दुपारी दोन, रात्री जमली तर एक.

पहिल्याच सत्रात मी गणितात नापास झाले. अर्थशास्त्रासाठी लागणारे गणित म्हणजे हिशेबच असेल, असे समजून मी ते शेवटी ठेवले होते. उत्तीर्ण व्हायला ३५ गुण हवेत. मला ३१ मिळाले. दोष सर्वस्वी माझा होता. निकाल मी दोन दिवस लपवला. तिसऱ्या दिवशी बाबूजींनी विचारले, "कुठे अडले?" मी विकलन हा शब्द उच्चारला आणि पुस्तकातली व्याख्या वाचून दाखवली. त्यांना ती कळली नाही. मलाही कळलेली नव्हती. मग त्यांनी उदाहरण मागितले. मी म्हटले, "शंभर क्विंटल माल घेतल्यावर आणखी एक क्विंटल घेतला, तर एकूण खर्चात किती भर पडते, ते यातून काढतात."

ते हसले. "हे तर रोजचेच. सरासरीवर दुकान चालत नाही. शेवटची गाडी काय पडत्याने पडली आणि ती काय भावाने जाणार, ते बघायचे. पडता वर गेला की खरेदी थांबवायची."

सीमान्त खर्च आणि सीमान्त प्राप्ती समान होतील तेथे थांबावे, हा सिद्धान्त पुस्तकात चार पानांचा होता. सातवी शिकलेल्या माणसाने तो तीन वाक्यांत सांगितला. त्यानंतर रोज संध्याकाळी चौविहार आटोपला की आम्ही दोघे बसू लागलो. मी समीकरण सांगायचे, त्यांनी त्याचा बाजारातला अर्थ सांगायचा. यंदा भाव चढला की पुढच्या वर्षी पेरा वाढतो, आवक वाढते आणि भाव कोसळतो. मग पुन्हा पेरा घटतो. पुस्तकात याची आकृती कोळ्याच्या जाळ्यासारखी काढतात. बाबूजींनी त्या आकृतीवर बोट ठेवून कोणत्या साली आपले नुकसान झाले ते सांगितले. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत, हाताने करायच्या कामातून ज्ञान द्यावे, असा विचार गांधीजींनी मांडला होता. आपल्या जिल्ह्याच्या मातीतला तो विचार मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी आडतीच्या गादीवर कळला. पुढच्या खेपेस गणितात ५८ गुण मिळाले.

परीक्षा जून आणि डिसेंबरच्या सत्रांत होत. डिसेंबरचे सत्र म्हणजे ऐन कापसाचा हंगाम. माझे केंद्र नागपूरला होते. पहाटेच्या बसने जाम, बुटीबोरी करत निघायचे, नवकारसीची वेळ बसमध्येच व्हायची. पेपर दुपारचा असला तर पाचला सुटायचा आणि सूर्य मावळायच्या आत डब्यातले खाकरे बसस्थानकावर उभ्यानेच संपवावे लागत. घरी त्या दिवशी वीस माणसांचा स्वयंपाक जाऊबाई एकट्या उरकत. माझ्या पदवीतला त्यांचा वाटा कोणत्याही गुणपत्रकात लिहिलेला नाही, म्हणून येथे लिहिते.

२०२३ च्या डिसेंबरात बाबूजी आजारी पडले. मी दोन पेपर सोडले. ते बरे होऊन बसू लागले तेव्हा पहिला प्रश्न आला, "पेपर कसे गेले?" दिले नाहीत म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "माझ्या खात्यावर तुझी बाकी कशाला टाकलीस?" मला वाईट वाटले, पण आजही मला वाटते की मी केले ते योग्यच होते आणि त्यांचे म्हणणेही योग्यच होते. प्रत्येक निवडीत न निवडलेल्या गोष्टीची किंमत दडलेली असते. अर्थशास्त्र तिला संधी खर्च म्हणते. तो चुकवता येत नाही. फक्त कोणाच्या नावे लिहायचा ते प्रामाणिकपणे ठरवता येते. मी तो माझ्या नावे लिहिला. त्यामुळे तीन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांत, २०२५ मध्ये पुरा झाला. पहिला वर्ग मिळाला नाही, दुसरा मिळाला.

आता आपल्या घरांतल्या मुलांविषयी थोडे. माझा पुतण्या वर्ध्याला वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात आहे. १९१४ साली जमनालालजी बजाज यांच्या पुढाकाराने शिक्षा मंडळ उभे राहिले, तेव्हापासून वर्ध्याने व्यापारी घरांतल्या किती पिढ्या शिकवल्या! नव्या शैक्षणिक धोरणात या मुलांपुढे एक नवी निवड आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार किमान १२० श्रेयांकांवर तीन वर्षांची पदवी मिळते आणि चौथे वर्ष करून किमान १६० श्रेयांक झाले की ऑनर्स. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर चौथ्या वर्षी संशोधनाचाही मार्ग खुला होतो. पुतण्याने विचारले, "काकू, चौथे वर्ष करू की दुकानात बसू?" घरातले सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी त्याला सल्ला दिला नाही. इतकेच विचारले की शिकलेल्या विषयांपैकी कोणता विषय परीक्षा संपल्यावरही मनात राहतो. असा एकही नसेल तर चौथे वर्ष केवळ एका शब्दासाठी होईल. असेल, तर दुकान एक वर्ष थांबू शकते. आपली दुकाने याहून मोठे दुष्काळ पाहून उभी आहेत. आणि लेकी-सुनांच्या बाबतीत हा प्रश्न घरात विचारला तरी जावा, एवढी वाचकांना विनंती.

पंचमीच्या पूजेनंतर मी बाबूजींना त्यांचा जुना प्रश्न आठवून दिला. कोणत्या गादीवर बसायचे, ते अजून ठरलेले नाही, असे म्हटले. नजर अधू झाल्याने गुणपत्रक त्यांनी डोळ्यांजवळ धरले, गणिताची ओळ शोधून तिच्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "उद्यापासून संध्याकाळी रोकडवही तू वाच. मला आता आकडे दिसत नाहीत."

सासूबाईंची वाळूची घडी मी त्यांना परत केली. त्यांनी ती उलटी करून ठेवली आणि सामायिकाला बसल्या.