साठीतली धुळाक्षरे

लेखन ही मुळात हाताची सवय आहे, हे लिहिणाऱ्याला सहसा जाणवत नाही. साठी उलटल्यावर माझ्या घरी संगणक आला, तेव्हा ही सवय प्रथमच माझ्यापासून सुटी होऊन समोर उभी राहिली. यंत्र सुरू-बंद करणे, माऊस चालवणे, लिहिलेले जतन करणे या गोष्टी काही दिवसांत अंगवळणी पडल्या. अडले ते मराठी कशी लिहायची यापाशी.

त्याच सुमारास एका दिवंगत सुहृदाच्या समीक्षालेखांचे संपादन माझ्याकडे आले होते. हे लेख १९९०च्या दशकात संगणकावर अक्षरजुळणी करून फ्लॉपींवर ठेवलेले होते. त्यांची प्रत माझ्या पडद्यावर उघडली, तेव्हा दिसली ती रोमन अक्षरे, कंस आणि अनाकलनीय चिन्हे. त्या काळच्या फाँटांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले असत, आणि ही वाटणी फाँटागणिक वेगळी असे. तो विशिष्ट फाँट नसला की मजकूर मुका होई. रूपांतर करणाऱ्या साधनाने बराचसा भाग परत मिळवून दिला. पण जोडाक्षरे विस्कटली, रफार भलत्याच अक्षरांवर गेले. छापील प्रती होत्या तेथे त्यांच्याशी ताडून पाहता आले. तीन लेखांची कागदावर नक्कलच नव्हती. त्यांतील काही वाक्ये संदर्भाने लावता आली. काहींची जागा संग्रहात रिकामी ठेवावी लागली.

हा अनुभव गाठीशी असल्यामुळे कळफलकाची निवड मला निव्वळ सोयीची बाब वाटली नाही. मार्ग तीन होते. पहिला जुन्या टंकलेखन यंत्राचा, त्यात आकार डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने उमटवायचे, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी आधी आणि व्यंजन मागाहून. दुसरा रोमन लिपीतून मराठी लिहिण्याचा. तिसरा इन्स्क्रिप्टचा. यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने प्रामुख्याने उजव्या हाताला असतात. मधल्या ओळीत उजवीकडे प, र, क, त, च, ट. हीच मांडणी बंगाली, तमिळ वा कन्नड लिहिणाऱ्यालाही लागू पडते, कारण ‘क’ची कळ सर्वत्र तीच. मी तिसरा मार्ग पत्करला.

तेथे एक गंमत ध्यानी आली. ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ आणि मग वेलांटी दाबावी लागते. पडद्यावर वेलांटी आपोआप पुढे जाऊन बसते. ‘धर्म’ लिहिताना ध, र, पाय मोडण्याचे चिन्ह आणि म, असा क्रम. हा उच्चाराचा क्रम आहे. ‘क’ला पहिली वेलांटी ‘कि’, असे आपण बाराखडीत घोकले, तेही याच क्रमाने. युनिकोडमध्ये मजकूर साठतो तो याच पद्धतीने: ‘क’चा क्रमांक २३२५, मग फाँट कोणताही असो. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने इस्की ही संहिता प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली. त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीचा पहिला खंड निघाला. तीत देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या रूपावरून घेतली होती. विंडोज प्रणालीत देवनागरी युनिकोडची सोय मात्र २००० साली आली. माझ्या सुहृदाचे लेख या मधल्या दशकातले.

अर्थात प्रमाण संहिता ठरली म्हणजे भाषेचे सारे बारकावे तीत सामावले असे होत नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. हा भेद मराठीला जपावाच लागतो, आणि त्यासाठी ‘ऱ’ ही वेगळी कळ नवशिक्याने पहिल्याच दिवशी शिकून घ्यावी. ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेल्या ‘ॲ’ला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळायला २००८ साल उजाडले. एखाद्या अक्षराचा आग्रह कुणी तरी धरावा लागतो, तेव्हाच ते यंत्रात टिकते.

म्हणून माझ्या वयाचे कुणी संगणक कसा शिकावा असे विचारू लागले, तर मी बटणांपासून आरंभ करीत नाही. लिपीच्या संहितेपासून करतो. अक्षराचे चित्र आणि खुद्द अक्षर यांतील भेद कळला की उरलेले नातवंडेही शिकवू शकतात. पूर्वी धूळपाटीवर गिरवलेले पुसले जाई, आणि तसे ते पुसले जाणेच अपेक्षित होते. आपण जे लिहितो ते पुसले जाऊ नये असे वाटत असेल, तर ते युनिकोडमध्ये लिहावे, त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि एक कागदावरही काढून ठेवावी. त्या तीन लेखांपुरता तरी हा कागदच शेवटचा साक्षीदार ठरला असता.