यवतेश्वरचा घाट आणि सकाळची धाव

सातारा शहरातील समर्थ मंदिराचा परिसर मागे पडला की रस्ता यवतेश्वरच्या डोंगराला भिडतो. एकेक वळण चढताना मागे अजिंक्यताऱ्याचा डोंगर आणि त्याच्या कुशीत विसावलेले शहर हळूहळू नजरेच्या टप्प्यात येते. माथ्यावर यवतेश्वराचे जुने शिवमंदिर आहे. तेथून हाच रस्ता कास पठाराकडे जातो. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ मध्ये कासचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्याच वर्षी या घाटात ‘सातारा हिल हाफ मॅरेथॉन’ही सुरू झाली. २०१५ मध्ये या स्पर्धेत २,६१८ धावपटू डोंगर धावले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. तेव्हापासून पहाटेच्या धुक्यात या घाटात धावणाऱ्यांचे कोणालाही नवल वाटत नाही.

अर्धमॅरेथॉनचे अंतर २१ किलोमीटर ९७.५ मीटर. येथील विशेष असा की पूर्वार्धात मुख्यतः चढ आणि उत्तरार्धात उतार. नवखा मनुष्य चढाला भितो, उताराला भीत नाही; अनुभवी धावपटू उताराला अधिक जपतो. चढावर हृदय आणि फुप्फुसांची परीक्षा होते. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच प्रत्येक पावलाचा भार पेलतो. त्यामुळे पुढचे दोन दिवस घरचा जिना उतरणेही अवघड होते. म्हणून जाणकार सांगतात, चढावर छोटी पावले टाकावीत, दम लागताच निःसंकोच चालावे, सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकीच गती ठेवावी. सारे भांडवल पहिल्याच तिमाहीत खर्च करणारी पेढी वर्षअखेर पाहत नाही, तसेच हे आहे.

घाटाखालच्या पेठेतील एका कापड व्यापाऱ्यांनी हे सारे वयाच्या ५७ व्या वर्षी शिकून घेतले. तीस वर्षे दुकानाच्या गादीवर बसून काढलेली. वजन वाढलेले, मधुमेहाची गोळी सुरू झालेली. धाकट्या भावाला हृदयविकाराचा झटका आला आणि घर हादरले. तेव्हा त्यांनी घाटाची वाट धरली. पहिला महिना केवळ चालण्याचा. दुसऱ्या महिन्यात दोन मिनिटे धावणे, तीन मिनिटे चालणे. चौथ्या महिन्यात ते मंदिरापर्यंत पोहोचू लागले. मुलाने उत्साहाने स्पर्धेत त्यांचे नाव नोंदविले.

सराव पहाटे साडेपाचला चाले. घरी चौविहाराचा नियम; आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी जेवण आणि सकाळी नवकारशीनंतरच पाणी. एका पहाटे चौथ्या वळणावर त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. ते कठड्यावर बसले. मागून येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी खिशातली खडीसाखर पुढे केली. नवकारशीला अवकाश होता. त्यांनी मान हलवून नकार दिला. शिक्षक शांतपणे म्हणाले, “शेठजी, नियम उद्याही पाळता येईल. आज आधी घरी पोहोचा.” त्यांनी खडीसाखर घेतली. पाच-दहा मिनिटांत डोळ्यांपुढची अंधारी निवळली. मनातली रुखरुख मात्र दिवसभर गेली नाही.

डॉक्टरांनी ऐकून घेतले आणि कारण उलगडून सांगितले. रात्रभराचा दीर्घ उपवास, साखर उतरविणारी गोळी आणि घाटाचा चढ, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. “शेठ, धावणे सोडू नका आणि नियमही सोडू नका. वेळ बदला,” असे सांगून त्यांनी गोळीची मात्रा आणि वेळ नव्याने ठरवून दिली.

पण स्पर्धेची वेळ कोणा एकासाठी बदलत नाही. ती सकाळी लवकरच सुरू होते आणि नवकारशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी. मुलगा म्हणाला, “पप्पा, एका दिवसाचा तर प्रश्न आहे.” वडिलांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. पदकाची हौस त्यांनाही होती. दुकानात ते कोठे लावायचे, हेही ठरले होते. अखेर ते म्हणाले, “घाट कुठे जात नाही. आपण नंतर जाऊ.”

स्पर्धेनंतरच्या आठवड्यात, बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी, नवकारशीनंतर थोडे खाऊन बाप-लेक निघाले. कासच्या फुलांचा हंगाम होता. रविवारी पर्यटकांच्या गाड्यांची रीघ लागते, म्हणून मधला वार निवडला होता. समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून दोघे रस्त्याच्या उजव्या कडेने, भडक रंगाचे कपडे घालून चालले-धावले. खिशात खडीसाखर होती. यवतेश्वरला पोहोचून ते परतले. एकूण अंतर सुमारे दहा किलोमीटर. टाळ्या नव्हत्या, पदक नव्हते. उतारावर मुलगा पुढे जाऊ लागला तेव्हा वडिलांनीच हाक मारली, “सावकाश. गुडघे अजून पुष्कळ वर्षे वापरायचे आहेत.”

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. शिवाय दोन दिवस स्नायूंना बळ देणारा. आठवड्याला अडीच तास, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. दुकान उघडण्यापूर्वी तेवढा वेळ निघतो. मात्र औषध घेणाऱ्याने, विशेषतः मधुमेह वा हृदयविकार असणाऱ्याने, पहिले पाऊल डॉक्टरांच्या दारात टाकावे आणि आपला उपवास, आपले नियम त्यांना मोकळेपणाने सांगावेत. ते लपविले तर डॉक्टरांचा सल्लाही अपुराच राहतो.

त्या व्यापाऱ्यांचा नित्यक्रम आता ठरून गेला आहे. आठवड्यातून तीन दिवस नवकारशीनंतर घाट, दहा वाजता दुकान. धाकटे बंधूही डॉक्टरांच्या परवानगीने पहिल्या वळणापर्यंत सोबत चालत येतात. तेथून ते परत फिरतात आणि थोरले पुढे चढू लागतात.