शेपटाकडचा तांबूस उजेड

भाद्रपदाच्या तोंडावर तुडील गावात मखरं उभी राहू लागली की मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानात हल्ली लोहार चाळीतून घेतलेली पिक्सेल पट्टी असते. हिचा प्रत्येक दिवा वेगळ्या रंगात लावता येतो, म्हणून ती हौसेने आणली जाते. ती लुकलुकायला लागली की पोरं कंट्रोलर आणि प्रोग्राम तपासतात, वडीलधारे गावातल्या कमी व्होल्टेजला बोल लावतात. अशा पट्ट्या जोडता-सोडवताना माझं मत पक्कं झालं आहे, की बिघाड सिग्नलचा दिसला तरी मूळ बहुतेक वेळा ५ व्होल्टच्या जोडणीत असतं, आणि त्यातही मायनसच्या वायरीत.

असं म्हणायला पट्टीची रचनाच कारण आहे. डब्ल्यूएस२८१२बी जातीच्या पट्टीत प्रत्येक दिव्याच्या पोटात एक चिप असते. आलेल्या निरोपातले पहिले २४ बिट ती स्वतःसाठी ठेवते आणि उरलेला निरोप नव्याने घडवून पुढच्या दिव्याला देते. त्यामुळे तीनशेव्या दिव्याला मिळणारा निरोपही ताजाच असतो. विजेचं तसं नाही. ती पाटाच्या पाण्यासारखी, वरच्या वाफ्यांनी घेतल्यावर जे उरेल ते शेपटाकडच्याला. पूर्ण पांढऱ्या रंगाला प्रत्येक दिवा सुमारे ६० मिलीअँपिअर मागतो. मीटरला ६० दिवे धरले तर ५ मीटरची मागणी १८ अँपिअरवर जाते. पट्टीतलं कागदासारखं पातळ तांबं एका टोकाकडून एवढा प्रवाह पुरवूच शकत नाही, व्होल्टेज वाटेत पडतं. ते पडल्याचं पट्टी स्वतःच सांगते. निळ्या आणि हिरव्या दिव्याला सुमारे ३ व्होल्ट लागतात, लाल २ व्होल्टवरही जळतो. म्हणून पांढरा रंग शेपटाकडे आधी पिवळट आणि मग तांबूस होतो. मल्टिमीटर हाती घेण्याआधी मी हाच रंग बघतो.

गावातल्या व्होल्टेजचा मुद्दाही इथेच निकालात निघतो. पट्टीला ५ व्होल्ट पुरवणाऱ्या एसएमपीएसवर छापलेल्या मर्यादेत बाहेरचा दाब कितीही खालीवर झाला तरी एसएमपीएस ५ व्होल्ट धरून ठेवतो. दाब मर्यादेखाली गेला तर सगळी पट्टी एकदम मंदावेल किंवा विझेल. नुसतं शेपूट तांबूस होणं हे बाहेरच्या लाईनचं काम नव्हे.

यावर खरा बिनतोड वाटणारा आक्षेप असा, की आमची पट्टी तांबूस होत नाही, पहिल्या दिव्यापासूनच वेडीवाकडी लुकलुकते, मग हा सिग्नलच नाही का? काही वेळा असतो. ईएसपी८२६६ सारखे बोर्ड ३.३ व्होल्टचा सिग्नल देतात आणि ५ व्होल्टवरच्या चिपला तो ओळखायला ३.५ व्होल्ट लागतात. बहुधा चालून जातं, पण काठावर. अशा ठिकाणी सिग्नल ५ व्होल्टचा करणारी ७४एएचसीटी१२५ ही आयसी मध्ये घालावी, यात वाद नाही. मात्र काठावरच्याला ढकलतं कोण, हे पाहायला हवं. मायनसच्या सैल जोडात अर्धा व्होल्ट अडकला, तर पहिल्या दिव्याला ३.३ ऐवजी २.८ व्होल्टच दिसतात, आणि त्याला हवे असतात ३.१५. कंट्रोलर मोबाइलच्या चार्जरवर, पट्टी एसएमपीएसवर आणि दोघांचे मायनस एकमेकांना जोडलेलेच नाहीत, असंही सर्रास असतं. मग दिव्याने सिग्नल मोजायचा कशाच्या तुलनेत? दोष विजेचा की सिग्नलचा, याची परीक्षा सोपी आहे. ब्राइटनेस चौथाईवर आणा. निरोपाची लांबी आणि वेग तोच राहतो, फक्त प्रवाह घटतो. लुकलुक थांबली तर दोष विजेचा. दोघांचे मायनस जोडलेले असूनही ती तशीच राहिली, किंवा ठरावीक दिव्यापुढे सगळा अंधार असला, तर मात्र सिग्नलकडे वळा. शेवटचा चांगला दिवा, पहिला मेलेला दिवा, पट्टीवरचा बाण आणि मधला सोल्डर बघा. पावसाळाभर माळ्यावर गुंडाळून ठेवलेल्या पट्टीच्या टोकांवर हिरवट थर आलेला असतो, तो खरवडून तांबं लालसर दिसेपर्यंत नवं सोल्डर धरत नाही.

‘मग चौथाईवरच ठेवू की!’ असं कोणी म्हणेल. घरातल्या मखराला तेवढा उजेड पुष्कळ होतो हे खरं, पण सैल जोड कापडाच्या झालरीमागे तापतच राहील, म्हणून मला ते पटत नाही. मोठा एसएमपीएस आणण्यानेही भागत नाही. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीतून ५ मीटर जाऊन ५ मीटर परत यायचं, तर ५ अँपिअरला सुमारे ०.६ व्होल्ट वायरच खाते, एसएमपीएस १० अँपिअरचा असो की ४० चा. अडीचची वायर घ्या, प्लस-मायनस दोन्ही टोकांना द्या. ‘मीटर तर पाचच दाखवतो’ म्हणणाऱ्याने बहुधा एसएमपीएसच्या पेचांवर, पट्टी बंद असताना मोजलेलं असतं. पट्टी पूर्ण पांढरी लावून मीटरची एक पिन एसएमपीएसच्या मायनसवर आणि दुसरी पट्टीच्या मायनसवर ठेवा. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. ०.४ आला, तर तो कुठल्या जोडात अडकला आहे ते एकेक जोड पुढे सरकत शोधा, आणि तोवर प्रोग्रामला हात लावू नका.