पुढच्या वर्षी

ज्या परीक्षेचा निकाल लावावयाचाच नाही ती परीक्षा घ्यावी कशाला, असे मला कोणी विचारले असते, तर गेल्या तीस वर्षांत मी एकच उत्तर दिले असते: घेऊच नये. प्राध्यापकाचा धंदा पत्करलेल्या माणसाचा निकालावर फार विश्वास बसतो. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर लाल शाईने आकडा पडला, की त्या मुलाची वर्षभराची जागरणे, त्याच्या आळसावलेल्या दुपारी, त्याच्या आईचे नवस, सारे काही त्या आकड्यात मावले असे आम्ही खुशाल समजतो. माझा हा विश्वास डळमळीत व्हावा, आणि तोही फ्लोरिडातील एका लहानशा गावी, उन्हात खुर्चीवर बसून खारे शेंगदाणे सोलीत असताना, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

माझा वडील भाऊ १९८६ साली पुण्याहून पिट्सबर्गला शिकावयास गेला आणि तेथेच राहिला. त्या शहराने त्याला नोकरी दिली, घर दिले, आणि वर एक व्यसनही लावले. ते व्यसन म्हणजे पिट्सबर्ग पायरेट्स हा तेथील बेसबॉलचा संघ. दारूचे व्यसन पुरवले. त्यात पिणाऱ्याला घटकाभर आनंद तरी होतो! या संघाचा कैवार घेणाऱ्याच्या वाट्याला तेवढेही सुख क्वचितच येते. तरी दादा आणि वहिनी दरवर्षी मार्च महिन्यात या संघाचा सराव पाहावयास फ्लोरिडात जात. वारकऱ्याने पंढरीस जावे, तितक्या नेमाने जात. २०२४ साली वहिनी वारल्या. पुढच्या जानेवारीत दादाचा फोन आला. "मार्चमध्ये ये," तो म्हणाला. "ब्रेडन्टनची दोन तिकिटे काढून ठेवली आहेत." दुसरे तिकीट कोणाच्या सवयीने निघाले असेल, हे न विचारताच मी रजेचा अर्ज लिहिला.

ज्या वाचकांचा या खेळाशी परिचय नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. अमेरिकेत बेसबॉलचे तीस प्रमुख संघ आहेत. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. त्याआधी, फेब्रुवारीच्या मध्यास, उत्तरेकडे बर्फ पडत असता, निम्मे संघ फ्लोरिडात आणि निम्मे अ‍ॅरिझोनात सरावासाठी उतरतात. चेंडू फेकणारे पिचर व तो झेलणारे कॅचर आधी येतात. बाकीचे खेळाडू मागाहून. मग महिनाभर हे संघ आपापसांत सामने खेळतात. या सामन्यांना तिकीट असते, पंच असतात, धावफलक असतो. नसतो तो फक्त हिशेब. येथला जय किंवा पराजय कोणाच्याही खाती जमा होत नाही. बरोबरी झाली तर बहुधा ती तशीच सोडून देऊन सारे घरी जातात. नाटक मंडळीच्या भाषेत सांगावयाचे तर ही रंगीत तालीम. मात्र ती पाहावयास लोक पैसे देऊन येतात.

फ्लोरिडातील या सामन्यांना ग्रेपफ्रूट लीग असे नाव आहे. त्यामागची कथा दादाने मला विमानतळावरून गाडीने जातानाच सांगितली. १९१५ साली ब्रुकलिन संघाच्या विल्बर्ट रॉबिन्सन नावाच्या व्यवस्थापकाने विमानातून टाकलेला चेंडू झेलून दाखविण्याचा पण केला. वरून चेंडूऐवजी ग्रेपफ्रूट हे पपनसाच्या जातीचे फळ आले, ते त्याच्या अंगावर फुटले, आणि तो रस म्हणजे आपले रक्तच असे समजून त्या गृहस्थाने आकांत मांडला! नावाची उत्पत्ती याच प्रसंगातून झाली असे सांगतात. खरी असो वा नसो, कथा सांगताना दादा कित्येक महिन्यांनी मोकळेपणाने हसला, एवढे मला पुरे होते.

ब्रेडन्टनचे क्रीडांगण १९२३ साली बांधलेले आहे, आणि पायरेट्स तेथे १९६९ पासून येत आहेत. पांढऱ्या भिंतींची ती बैठी इमारत प्रथमदर्शनी एखाद्या जुन्या स्पॅनिश मठासारखी वाटते. मैदान इतके जवळ की खेळाडूंचे बोलणे ऐकू यावे. भोवती बहुतेक आमच्याच वयाची किंवा त्याहून वडील मंडळी. पांढरे केस, पिवळ्या-काळ्या टोप्या, मांडीवर वही. दादाचीही वही होती. प्रत्येक खेळाडूचे काय झाले ते तो पेन्सिलीने बारीक खुणा करून टिपीत होता.

"ज्याचा हिशेब नाही त्याचा जमाखर्च कशाला?" मी विचारले.

"तुझी वहिनी लिहायची," तो म्हणाला. "मी नुसता पाहायचो."

मग त्याने मला त्या खुणा शिकविल्या. फलंदाज जेथे उभा राहतो त्या जागेला या खेळात घर म्हणतात. तेथून निघावयाचे, तीन थांबे घ्यावयाचे, आणि पुन्हा घरी यावयाचे. घरी पोहोचला तरच धाव. तिसऱ्या थांब्यापर्यंत जाऊन डाव संपला तर त्या माणसाचे नाव वाटेत राहिलेल्यांत लिहावयाचे. मी नुसती मान डोलावली.

पराभवाचा इतिहास मात्र मी आपणहून विचारला, आणि दादाने तो कुलवृत्तांत सांगावा तसा सांगितला. एके काळी हा संघ मोठा होता. १९६० साली अंतिम मालिकेत न्यूयॉर्कच्या यांकीजनी सात सामन्यांत मिळून ५५ धावा काढल्या आणि पायरेट्सनी अवघ्या २७. तरी सातवा सामना १०-९ असा जिंकून पायरेट्स विजेते ठरले. शेवटच्या डावात बिल मॅझेरॉस्कीने चेंडू कुंपणापार धाडला होता. त्याच संघातला रॉबेर्तो क्लेमेंते १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाला आणि विमान कोसळून गेला. १९७९ साली संघाने पुन्हा जगज्जेतेपद मिळविले. त्यानंतर ते आजवर हाती आलेले नाही.

१९९२ च्या ऑक्टोबरात ते अगदी दाराशी आले होते. अटलांटा येथील निर्णायक सामन्यात शेवटचा डाव सुरू झाला तेव्हा पायरेट्स २-० असे पुढे होते. तो डाव संपला तेव्हा ते ३-२ असे हरले होते. विजयाची धाव घेत घराकडे धावला तो सिड ब्रीम, पूर्वीचा पायरेट्सचाच खेळाडू, आणि गुडघ्यांनी अधू! त्या रात्रीनंतर संघाला जी उतरती कळा लागली, तिने १९९३ पासून २०१२ पर्यंत, ओळीने वीस वर्षे, जयापेक्षा पराजयच अधिक दिले. अमेरिकेतील कोणत्याही मोठ्या व्यावसायिक खेळात इतका दीर्घ दुर्दैवाचा फेरा कोणाच्या वाट्यास आला नव्हता.

"वीस वर्षे! दुसरा संघ का नाही धरलास?" मी म्हणालो.

दादाने माझ्याकडे असे पाहिले, की नापास झालेल्या मुलाऐवजी शेजाऱ्याचा पहिला आलेला मुलगा दत्तक का घेतला नाहीस, असे जणू मी त्याला विचारले होते.

येथे मला स्वतःविषयी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. या वीस वर्षांचा माझाही एक हिशेब होता, आणि तो बेसबॉलचा नव्हता. दादा तीनचार वर्षांनी एकदा दोनतीन आठवडे घरी येई, आणि जाताना आईला सांगे, "पुढच्या वर्षी कायमचा परत येतो." ब्रुकलिनचे लोक आपला संघ हरला की 'थांबा, पुढच्या वर्षी!' असे म्हणत, ही म्हण त्या देशात प्रसिद्ध आहे. आमच्या घरी मात्र ते वाक्य गणपतीच्या निरोपासारखे म्हटले जाई, आणि आई ते खरे मानी. २००८ साली उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन तरुणांना पायरेट्सनी करारबद्ध केले. दूरचित्रवाणीवरील एका स्पर्धेतून निवडलेली ही मुले पूर्वी भालाफेक करीत; बेसबॉल त्यांना ठाऊकही नव्हता. दादाने ही वार्ता आईला उत्साहाने कळविली. "आपली मुले तिकडे चालली," असे म्हणून आईने फोन ठेवला, आणि मग बराच वेळ ती काही बोलली नाही.

२०१२ च्या ऑक्टोबरात आई गेली. दादा तिसऱ्या दिवशी पोहोचला. पुढील वर्षी संघाचे ग्रह पालटले: ९४ विजय! १ ऑक्टोबरच्या रात्री बाद फेरीत त्यांनी सिनसिनाटीला ६-२ असे हरविले, तेव्हा आमच्याकडे २ तारखेची सकाळ होती. गांधीजयंतीची सुटी म्हणून मी निवांत चहा घेत होतो. फोनवर दादाला रडू आवरेना. "आई हवी होती रे," तो म्हणाला. मी शांतपणे उत्तरलो, "वर्षश्राद्ध पुढच्या आठवड्यात आहे. येणार आहेस का?" पलीकडे काही क्षण नुसता गर्दीचा आवाज ऐकू येत राहिला. तो आला नाही. त्याला शून्य गुण देऊन मी ती उत्तरपत्रिका बांधून ठेवली होती, ती बारा वर्षे तशीच होती.

त्या दुपारी सहाव्या डावानंतर नामांकित खेळाडू एकेक करून आत गेले. त्यांच्या जागी पाठीवर नव्वदीतले आकडे मिरविणारी कोवळी मुले आली. यांतली बहुतेक उन्हाळा कोठल्या तरी लहान गावच्या संघात काढणार. त्यांतल्या एकाने चेंडू टोलविला आणि तो जिवाच्या आकांताने धावला. या धावण्याला मोल नाही हे कोणी त्याला सांगितलेच नसावे. सारे म्हातारे उठून टाळ्या वाजवू लागले. दादाने खूण केली आणि वहीवरून नजर न काढता तो म्हणाला, "आई दर मार्चमध्ये फोनवर विचारायची: यंदा तरी जमेल का रे? मी सांगायचो, पिचर बरे आहेत, बघू. ती संघाविषयी विचारत होती की माझ्याविषयी, हे तिला विचारायचे माझ्याने कधी झाले नाही."

मी काहीच बोललो नाही. तो सामना कोणी जिंकला हे आता मला आठवत नाही. दादाच्या वहीत असेल. त्या मुलाचे धावणे मात्र आठवते, आणि टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही होतो हे आठवते.

त्या वर्षी पॉल स्कीन्स या तरुण पिचरने सर्वोत्तम पिचरचा मान मिळविला. संघ मात्र ७१ सामने जिंकून आणि ९१ हरून आपल्या गटात शेवटचा आला. हे सांगावयास दादाची गरज पडली नाही. एप्रिलपासून रोज सकाळी वर्तमानपत्राआधी मी ते आकडे पाहत होतो. सप्टेंबरअखेर त्याचा फोन आला.

"मार्चमध्ये येशील ना?" त्याने विचारले. "तिकिटे काढतो."

"दोन काढ," मी म्हणालो. आणि मग, कसे कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेले, "पुढच्या वर्षी तरी जमेल का रे?"

"काय?" दादा म्हणाला.

मलाही चटकन सांगता येईना.