उत्तर की दक्षिण?

१० मे २०२४, अक्षय्य तृतीया, दुपार
ग्रहणाचा चष्मा लावून गच्चीतून सूर्य पाहिला. ३६६४ क्रमांकाचा डागांचा पुंजका दुर्बिणीशिवाय दिसतो. रुंदी पृथ्वीच्या सुमारे पंधरापट. दोन दिवसांत त्याने आपल्या दिशेने प्लाझ्माचे लोटामागून लोट फेकलेत. अमेरिकेच्या अवकाश-हवामान केंद्राने तीव्र भूचुंबकीय वादळाचा इशारा दिलाय. इतक्या वरचा इशारा २००५ नंतर पहिलाच.

लोट साधारण कधी पोचेल, हे गणिताने सांगता येतं. त्याच्या पोटातलं चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे, हे मात्र तो एल-१ बिंदूवरच्या यानांपाशी येईपर्यंत कळत नाही. घोडं तिथेच पेंड खातं. एल-१ सूर्याच्या दिशेला पंधरा लाख किलोमीटरवर (आपलं आदित्य यानही तिथेच आहे). सेकंदाला ७०० किलोमीटर वेग धरला तर हाताशी उरतात पस्तीसेक मिनिटं.

दिशेला एवढं महत्त्व का? सूर्याकडच्या बाजूला, चुंबकावरणाच्या कडेवर, पृथ्वीच्या बलरेषा उत्तरमुखी असतात. सौरवाऱ्याचं क्षेत्रही उत्तरमुखी असलं, तर तो बराचसा बाजूने निघून जातो. दक्षिणमुखी असलं की विरुद्ध रेषा भिडतात, तुटतात आणि एकमेकींना जोडल्या जातात. मग रेषेचं एक टोक पृथ्वीत, दुसरं सौरवाऱ्यात. वारा तिला फरफटत रात्रीच्या बाजूच्या शेपटीत नेतो. तिथे ऊर्जा साचते, पुन्हा तशीच जोड होते आणि भारित कण पृथ्वीकडे उसळतात. वारा कितीही सुटो, आतली कडी निघाल्याशिवाय दार उघडत नाही, तसंच हे. जेम्स डंगींनी १९६१ साली हे जेमतेम दोन पानांत मांडलं. हेवा वाटतो.

११ मे, शनिवार
काल रात्री १० वाजून ३५ मिनिटांनी धडक. क्षेत्र दक्षिणमुखी, आणि तेही पन्नासेक नॅनोटेस्ला; एरवी पाचाच्या आसपास असतं. सकाळी आठच्या सुमाराला वादळाचं माप सांगणारा डीएसटी निर्देशांक उणे ४०० नॅनोटेस्लांच्या खाली. लडाखमध्ये हानलेच्या कॅमेऱ्यांनी तांबडं आकाश टिपलं. पुण्यात नुसता उकाडा आणि सोसायटीच्या ग्रुपवर ‘मोबाइल उशाशी ठेवू नका’.

१२ मे, रविवार
शेपटीतून उसळलेल्या कणांचा पृथ्वीभोवती पश्चिमवाही प्रवाह तयार होतो. त्याचं क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राविरुद्ध, म्हणून आपल्या अक्षांशांवर चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या घटकाची रेघ, धडकेच्या दाबाने आधी दचकून वर गेली तरी, मग तासन्‌तास घसरते. अलिबागच्या वेधशाळेत ही रेघ १९०४ पासून काढली जातेय. त्याआधी कुलाब्याला, पण मुंबईत विजेच्या ट्रामी येणार म्हटल्यावर उपकरणं खाडीपार गेली. इमारतीसाठी पोरबंदरचा दगड निवडला, जोडकाम पितळ-तांब्याचं, लोखंड वर्ज्य.

२ सप्टेंबर १८५९ च्या चुंबकीय वादळात कुलाब्याला आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी पडला होता. ‘तेव्हाचं वादळ आताच्या चौपट’ असे लेख आता येतील. पण तो आकडा एका जागेचा, थोड्या मिनिटांचा, डोळ्यांनी वाचून वहीत उतरवलेला. डीएसटी ही चार वेधशाळांची ताशी सरासरी. भागाकार करण्याआधी हे पाहायला हवं.