भोंगा घराबाहेरच्यांसाठी असतो

ओक्लाहोमात नवीन आला असाल, तर शनिवारी दुपारी बाराला भोंगा वाजला म्हणून दचकू नका. आभाळ स्वच्छ असलं की इथे नॉर्मनमध्ये ती नेहमीची चाचणी असते. मला तर आता त्यावरून जेवणाची वेळ कळते, आणि हीच काळजीची गोष्ट आहे.

22 मे 2011 रोजी मिझुरीतल्या जॉप्लिनमध्ये टोर्नेडोने दीडशेहून अधिक बळी घेतले. भोंगे आधीच वाजले होते. पण राष्ट्रीय हवामान सेवेच्या पाहणीत दिसलं, की बहुतेकांनी पहिल्या भोंग्यावर लगेच आसरा घेतला नाही. आधी दुसरीकडून खात्री करून घेतली. त्यांना बेपर्वा कसं म्हणायचं? आपणही तेच केलं असतं.

मुळात हे भोंगे उघड्यावरच्या लोकांसाठी असतात. खिडक्या बंद, एसी आणि मिक्सर चालू असला की ते घरात ऐकू येतीलच असं नाही. म्हणून फोनवरचे आपत्कालीन इशारे बंद करू नका. ‘वॉच’ म्हणजे टोर्नेडोला पोषक हवा. ‘वॉर्निंग’ म्हणजे तो दिसलाय किंवा रडारवर त्याची खूण आहे.

मे महिन्यात आईबाबा येतात, तेव्हा मी त्यांना सगळ्यात आधी बाथरूम दाखवते: तळमजल्यावरची, मधोमध, बिनखिडकीची. तुमच्या घरात अशी जागा कुठली, ते आजच बघून ठेवा.